दवाखान्यातील सर्व्हर : बसवणे सोपे, सांभाळणे अवघड

स्मरणिकेसाठी बालरोगावरच लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. तथापि या वर्षी मी थोडा वेगळा विषय निवडला आहे. आपल्यापैकी अनेकांच्या दवाखान्यात आता संगणक आहे. काहींनी रुग्णनोंदी, लसीकरण, देयके यांसाठी स्वतःचा छोटा सर्व्हरही बसवला आहे आणि काहीजण तसा विचार करीत आहेत. मी संगणकतज्ज्ञ नाही. परंतु हा उद्योग मी स्वतः केला, त्यात चुकलो आणि पुन्हा उभा केला. त्या अनुभवातून जे समजले ते येथे मांडतो.

प्रारंभी चूक सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. २००९ साली एका परिचित तरुण अभियंत्याच्या मदतीने मी लसीकरणाच्या नोंदींसाठी मुक्तस्रोत सर्व्हर बसवला. खर्च जवळजवळ फक्त यंत्राचा झाला. सात वर्षे सारे सुरळीत चालले. २०१६ च्या पावसाळ्यात एका रात्री वीज पडली आणि सकाळी सर्व्हरची डिस्क निकामी झालेली आढळली. रोज रात्री आपोआप प्रत घेण्याची व्यवस्था होती, म्हणून मी निश्चिंत होतो. प्रत उघडून पाहिली तेव्हा फाइल रोजच्या रोज तयार झाली होती, पण रिकामी होती. काही महिन्यांपूर्वी मी माहितीकोशाचा सांकेतिक शब्द बदलला होता आणि प्रत घेणाऱ्या आज्ञेत मात्र जुनाच राहिला होता. फाइलचे नाव आणि तारीख पाहून मी समाधान मानीत असे. आत काय आहे हे एकदाही पाहिले नव्हते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी उदगीरकडून ऊसतोडणी कामगारांच्या कुटुंबातील एक तीन वर्षांचे मूल झटके येत असताना आणले गेले. पहिल्या औषधाने झटका थांबेना, म्हणून परिचारिका फेनिटॉइन भरू लागली. इतक्यात मुलाच्या आजीने कमरेच्या पिशवीतून घडी पडलेला कागद काढला. ती म्हणाली, "साहेब, ही तुमचीच चिठ्ठी हाय. हे औषध द्यायचं नाही म्हणलता तुम्ही." अक्षर माझेच होते. वर्षापूर्वी या औषधाने मुलाच्या अंगभर गंभीर पुरळ उठले होते. ती नोंद मी सर्व्हरवर केली होती आणि ती डिस्कबरोबर गेली होती. आम्ही दुसरे औषध वापरले आणि मूल बरे झाले. सात वर्षांची माझी यंत्रणा जे जपू शकली नाही, ते एका निरक्षर आजीने जपले होते. पुढील सर्व विवेचन त्या चिठ्ठीच्या साक्षीने वाचावे, ही विनंती.

मुक्तस्रोत म्हणजे काय?

ज्या प्रणालीची मूळ संहिता कोणालाही पाहता, वापरता, बदलता आणि वाटता येते ती मुक्तस्रोत प्रणाली. अपाची हा वेब सर्व्हर याचे उत्तम उदाहरण आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅकूल यांनी एक सर्व्हर लिहिला होता. १९९४ मध्ये ते तेथून बाहेर पडल्यावर त्याचा विकास खुंटला. तो वापरणाऱ्या काही जणांनी आपापल्या दुरुस्त्या एकत्र केल्या आणि १९९५ मध्ये अपाची जन्मास आला. वर्षभरात तो जगात सर्वाधिक वापरला जाणारा वेब सर्व्हर ठरला. त्याचा सांभाळ करणारी अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था १९९९ मध्ये स्थापन झाली. रशियातील इगोर सिसोएव यांनी २००४ मध्ये खुला केलेला एन्जिनएक्स हा दुसरा लोकप्रिय सर्व्हर. दोहोंपैकी कोणताही आपल्या कामास पुरेसा आहे.

मुक्तस्रोत प्रणालीस मूल्य द्यावे लागत नाही, याचा अर्थ तिची देखभाल फुकट होते असा नाही. विकत घेतलेल्या प्रणालीत जी जबाबदारी विक्रेत्याकडे जाते, ती येथे आपल्याकडे येते. निर्णय घेताना हा फरक प्रथम लक्षात घ्यावा.

तीन खोल्यांची रचना

दवाखान्यात रुग्ण प्रथम नोंदणीच्या खिडकीशी येतो, तेथून डॉक्टरांकडे जातो आणि डॉक्टर त्याचा जुना कागद अभिलेखकक्षातून मागवतात. सर्व्हरचीही रचना अशीच असते. वेब सर्व्हर ही खिडकी. संगणकाच्या पडद्यावर आपण 'लसीकरण' हा शब्द दाबला की ती मागणी प्रथम अपाचीकडे येते. तो ती उपयोजनाकडे, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रणालीकडे पाठवतो. उपयोजन मायएसक्यूएल, मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस यांसारख्या माहितीकोशातून नोंद काढते आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. या तिन्हींच्या खाली लिनक्स ही कार्यप्रणाली असते.

रुग्णाने थेट अभिलेखकक्षात शिरू नये, हे आपण जसे पाहतो तसेच येथेही पाहावयाचे. माहितीकोशाशी फक्त उपयोजनाने बोलावे. बाहेरच्या जगास त्याचे दार दिसताच कामा नये. नवख्या माणसाकडून होणारी सर्वांत घातक चूक हीच असते.

उभारणीचा क्रम

पहिली गोष्ट यंत्राची. एका दवाखान्यासाठी साधा, पण बऱ्या स्थितीतील संगणक पुरतो. त्यास यूपीएस व योग्य अर्थिंग हवे. आपल्या भागातील वीज पाहता यात काटकसर करू नये. दवाखान्याच्या जाळ्यात त्याला एक स्थिर पत्ता द्यावा, म्हणजे इतर संगणकांना तो दररोज त्याच जागी सापडेल.

दुसरी गोष्ट कार्यप्रणालीची. डेबियन किंवा उबंटूची दीर्घकाळ देखभाल मिळणारी आवृत्ती घ्यावी आणि ती देखभाल केव्हा संपते ती तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. अनेक रुग्णालयांनी वापरलेल्या सेंटओएस ७ ची देखभाल ३० जून २०२४ रोजी संपली. ज्यांच्याकडे ती अजून असेल त्यांनी स्थलांतर लांबवू नये. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या आपोआप बसतील अशी व्यवस्था करावी.

तिसरी गोष्ट भाषेची, आणि ती सीमाभागात विशेष महत्त्वाची आहे. आपल्याकडे एकाच दिवशी मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू बोलणारी कुटुंबे येतात. माहितीकोश युनिकोड पद्धतीवर बेतलेला नसेल तर देवनागरी वा कन्नड नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे साठवली जातात आणि मूळ नाव पुन्हा मिळत नाही. मायएसक्यूएलमध्ये यासाठी 'यूटीएफएटएमबीफोर' ही निवड करावी लागते. २०१८ च्या आठव्या आवृत्तीपासून ती आपोआप असते, त्यापूर्वी नव्हती. श्रीलिपी वा नुडीच्या जुन्या टंकांत लिहिलेली नावे असतील तर ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावीत. शोध केवळ नावावर ठेवू नये, कारण एकच नाव तीन लिप्यांत तीन प्रकारे लिहिले जाते. गावांची नावेही बदलतात : २०१४ पूर्वीच्या नोंदींत 'गुलबर्गा' आहे, नंतरच्यांत 'कलबुर्गी'. म्हणून प्रत्येक बालकास स्वतंत्र क्रमांक, प्रत्येक गावास स्वतंत्र संकेतांक आणि सोबत पालकांचा भ्रमणध्वनी क्रमांक, अशी जोड ठेवावी.

चौथी गोष्ट कुलपांची. सर्वाधिकार असलेल्या 'रूट' या खात्याने उपयोजन चालवू नये. त्यासाठी मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते करावे. काहीतरी अडले की सर्व फाइली सर्वांना खुल्या करून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये, कारण तात्पुरती सोय तशीच कायम राहते. अग्निभिंतीतून फक्त आवश्यक तेवढेच मार्ग उघडावेत. घरून नोंदी पाहावयाच्या असतील तर राउटरमध्ये भोक पाडण्याऐवजी वायरगार्डसारख्या खाजगी मार्गाने यावे. पालकांना बाहेरून वापरता यावी अशी सेवा असेल, तर सांकेतिक जोडणीचे प्रमाणपत्र अनिवार्य समजावे. 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था ते विनामूल्य देते. त्याची मुदत थोडी असल्याने नूतनीकरण आपोआप होईल असे करून ठेवावे.

मदरशातील दारूगोळा

आपल्या बीदरचे महमूद गावान मदरसा हे विद्यापीठ १४७२ च्या सुमारास उभे राहिले. तेथे मोठा ग्रंथसंग्रह होता. पुढे औरंगजेबाच्या काळात त्या वास्तूत दारूगोळा साठवला गेला. त्याचा स्फोट झाला आणि समोरच्या दोन मिनारांपैकी एक व इमारतीचा मोठा भाग कोसळला. आज जे भग्न वैभव आपण पाहतो, ते त्या अपघाताचे चिन्ह आहे.

सर्व्हरबाबत मी हे उदाहरण नेहमी देतो. ज्या यंत्रावर रुग्णांच्या नोंदी आहेत त्याच यंत्रावर चित्रपट, चोरीच्या प्रणाली, कोणाच्या तरी पेन ड्राइव्हवरील फाइली असे काहीही ठेवू नये. नोंदणीच्या खिडकीवरील मुलगा दुपारच्या वेळी त्यावर गाणी लावतो, ही बाब क्षुल्लक वाटते. परंतु ती विद्यालयात दारूगोळा ठेवण्यासारखीच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरांवर हल्ला झाला आणि देशातील अग्रगण्य रुग्णालयास अनेक दिवस कागदावर काम करावे लागले. मोठ्यांचे असे होते, तर आपण निर्धास्त राहणे योग्य नव्हे.

प्रत घेतली म्हणजे काय?

बालरोगतज्ज्ञांना शीतसाखळी समजावून सांगण्याची गरज नाही. शीतपेटीचा दिवा लागतो म्हणून लस सुरक्षित आहे असे आपण मानीत नाही. दिवसातून दोनदा तापमान पाहतो, ते २ ते ८ अंशांत आहे याची नोंद करतो. प्रतींचेही तसेच आहे. नोंदींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दवाखान्याबाहेर असावी. बाहेर जाणारी प्रत सांकेतिक कुलपात असावी आणि त्याची किल्ली दोन व्यक्तींना ठाऊक असावी.

एवढ्यावर थांबू नये. माझ्याकडे २०१६ नंतर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक कार्यक्रम ठरलेला आहे. एक जुना, रिकामा संगणक घ्यावयाचा, त्यावर ताजी प्रत पुन्हा उतरवावयाची आणि यादृच्छिक दहा बालकांच्या नोंदी कागदाशी ताडून पाहावयाच्या. यास दोन तास लागतात. हे दोन तास ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी स्वतःचा सर्व्हर बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांनी विश्वासू सेवादात्याकडून सेवा घ्यावी. मात्र आपल्या सर्व नोंदी उपयोगी स्वरूपात परत मिळतील, अशी अट लेखी घालावी.

आणखी एक नियम आम्ही पाळतो. औषधाची गंभीर प्रतिक्रिया आली की ती सर्व्हरवर जाते, लसीकरण पत्रिकेवर लाल शाईने जाते आणि चिठ्ठीवर लिहून घरच्यांच्या हातातही दिली जाते.

अनुकरणीय उदाहरण

स्वतः सारे लिहिण्याची गरज नाही. केनियातील एल्डोरेट येथील एचआयव्ही रुग्णांच्या नोंदींच्या गरजेतून २००४ मध्ये ओपनएमआरएस ही मुक्तस्रोत वैद्यकीय नोंदप्रणाली पुढे आली. ती टॉमकॅट आणि मायएसक्यूएल यांवर चालते. तिच्याच पायावर छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या गनियारी येथे, जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या ग्रामीण रुग्णालयात, 'बाह्मनी' ही प्रणाली आकारास आली. थॉटवर्क्सच्या अभियंत्यांनी ती घडवली. ओपनएमआरएसला प्रयोगशाळेसाठी ओपनएलिस व देयकांसाठी ओडू यांची जोड देऊन ती एका छत्राखाली आणते. नाव वाचून आपणा सर्वांस आपली बहमनी राजधानी आठवेल. परंतु नामसाम्य तेवढेच. वीज आणि इंटरनेट दोन्ही बेभरवशाचे असलेल्या ठिकाणी ती रुजली, हे आपल्यासाठी महत्त्वाचे. एका डॉक्टरांच्या दवाखान्यास ती कदाचित मोठी ठरेल. पण वीस-तीस खाटांच्या रुग्णालयाने तिचा विचार अवश्य करावा.

आपले कर्तव्य

२००२ च्या वैद्यक आचारसंहितेनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागणी झाल्यास बहात्तर तासांत देणे आपणावर बंधनकारक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर माहिती सुरक्षित ठेवण्याचे दायित्व अधिक स्पष्ट केले. परंतु कायद्यापेक्षा मोठी गोष्ट विश्वासाची आहे. नोंद आपल्या यंत्रात असली तरी ती त्या बालकाची असते. आपण केवळ तिचे राखणदार.

आपल्या संस्थेतील तीन-चार दवाखान्यांनी एकत्र येऊन परस्परांच्या प्रती सांभाळाव्यात आणि महिन्यातून एकदा त्या उघडून पाहाव्यात, असे मी सुचवितो. खर्च नगण्य आहे, लागते ती शिस्त. ज्यांना प्रारंभ करावयाचा आहे त्यांनी एखाद्या पहिल्या रविवारी माझ्या दवाखान्यात यावे. पडताळणी कशी होते ते प्रत्यक्ष पाहता येईल, आणि माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलेली त्या आजीच्या चिठ्ठीची छायाप्रतही दाखवीन. मूळ चिठ्ठी मी मागितली होती. तिने दिली नाही. आणि ते योग्यच झाले.