मेंडेलीव्हच्या सारणींतील ‘एक’ हा शब्द

रसायनशास्त्राचा विषय ह्या त्रैमासिकांत कां, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. कारण एक संस्कृत शब्द आहे. रशियन रसायनज्ञ दिमित्री मेंडेलीव्ह यानें तोंवर न सांपडलेल्या मूलद्रव्यांस १८७१ सालीं ‘एक-ॲल्युमिनियम’, ‘एक-बोरॉन’, ‘एक-सिलिकॉन’ अशीं नांवें दिलीं. ‘एक’ म्हणजे त्याच स्तंभांतील खालचें पहिलें घर. एवढ्यावरून आवर्तसारणी पाणिनीपासून निघाली, असें विधान अलीकडे वारंवार ऐकूं येतें. तें कितपत साधार आहे हें येथें पाहण्याचा आमचा हेतु आहे. परंतु आधीं सारणीचें स्वरूप सांगितलें पाहिजे.

१८६९ सालीं ६३ मूलद्रव्यें ज्ञात होतीं. मेंडेलीव्हनें तीं अणुभाराच्या चढत्या क्रमानें लाविलीं, तेव्हां कांहीं अंतरानें तेच गुण पुनः येतात असें दिसलें. समास फाटून पत्रांक नाहींसे झालेल्या पोथीचीं पानें विषयाच्या अनुसंधानानें लावावीं, तसेंच हें काम होतें. अनुसंधान तुटलें तेथें त्यानें पुढचें पान ओढून घेतलें नाहीं. कोरी जागा सोडली. पोथ्या लावणारांपैकीं कितीजण इतका संयम पाळतात? १८७५ सालीं फ्रान्समध्यें लकॉक द ब्वाबोद्रां यास गॅलियम सांपडलें व त्यानें त्याची घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्हनें तें द्रव्य पाहिलेंहि नव्हतें. तरी हेंच आपलें एक-ॲल्युमिनियम असून घनता ५.९ च्या सुमारास असली पाहिजे, असें त्यानें कळविलें. अधिक शुद्ध नमुना घेऊन मोजतां ती ५.९ च भरली.

तथापि भाराचा क्रम सर्वत्र जुळेना. टेल्युरियमचा भार १२७.६, आयोडीनचा १२६.९, गुण पाहतां मात्र टेल्युरियम आधीं यावयास हवें. मेंडेलीव्हनें तें आधीं ठेविलें व त्याचा भार चुकीचा मोजला गेला असावा, असें मानलें. जागा बरोबर होती, कारण चूक होतें.

खरा पत्रांक हेन्री मोस्ले ह्या तरुण इंग्रज शास्त्रज्ञानें १९१३-१४ सालीं वाचला. मूलद्रव्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या कंपनसंख्येचें वर्गमूळ क्रमाक्रमानें एकेका सारख्या पायरीनें वाढतें, हें त्यास आढळलें. ही पायरी म्हणजे केंद्रकांतील धन विद्युद्भार, अर्थात् प्रोटॉनांची संख्या. टेल्युरियमचा अंक ५२ व आयोडीनचा ५३. ४३, ६१ व ७५ हीं घरें रिकामीं आहेत हेंहि त्यामुळें कळलें. तीं पुढें भरलीं, व आज ११८ पर्यंत एकहि घर मोकळें नाहीं. मोस्ले १९१५ च्या ऑगस्टांत गॅलिपोलीच्या रणांत वयाच्या २७ व्या वर्षीं पडला.

भार फसवितो, कारण केंद्रकांत विद्युद्भाररहित न्यूट्रॉनहि असतात (चॅडविक, १९३२) व त्यांची संख्या एकाच मूलद्रव्यांत कमीअधिक असूं शकते. कार्बनचे प्रोटॉन सदैव ६. न्यूट्रॉन ६ असल्यास भार १२, ८ असल्यास १४. जुन्या ताडपत्राचें वय ज्यावरून काढतात तो हाच कार्बन-१४. गुणांचें आवर्तन मात्र केंद्रकाबाहेरील इलेक्ट्रॉनांच्या थरांमुळें होतें. सोडियमचे ११ इलेक्ट्रॉन २, ८, १ असे व पोटॅशियमचे १९ इलेक्ट्रॉन २, ८, ८, १ असे असतात; बाहेरच्या थरांत दोहोंचा एकच, म्हणून पाण्याशीं तीव्र क्रिया करणारे हे दोन्ही धातु एका स्तंभांत बसतात. असा हा विभाज्य अणु कणादांचा अविभाज्य परमाणु नव्हे, हेंहि जातां जातां नमूद करावें.

आतां पाणिनीकडे वळूं. अष्टाध्यायीचा संपादक ओटो ब्योटलिंक हा पीटर्सबर्गच्या अकादमीचा सभासद होता, आणि मेंडेलीव्ह त्याच नगरांत प्राध्यापक होता. शिवसूत्रांतहि वर्णांची मांडणी हेतुपूर्वक केलेली आहे. ह्यावरून संबंधाची कल्पना करतां येते, व विद्वानांनीं ती केलीहि आहे. परंतु एका नगरांतील वास हा लेखी पुरावा नव्हे. उलट १८६९ च्या छापील सारणींत रिकाम्या जागीं केवळ प्रश्नचिन्हें व अंदाजी भार (४५, ६८, ७०) आहेत. ‘एक’ हा शब्द तेथें नाहीं. मांडणी आधीं व संस्कृत नांव मागाहून, असा क्रम कागदांवरून लागतो. तीं नांवेंहि शोध लागेपर्यंतच टिकलीं. एक-ॲल्युमिनियमचें गॅलियम, १८७९ सालीं एक-बोरॉनचें स्कँडियम व १८८६ सालीं एक-सिलिकॉनचें जर्मेनियम झालें. तिन्ही शोधकांनीं आपापल्या भूमीचीं नांवें दिलीं.