नाव न विचारता माणूस कसा सापडतो?

रामाकोना गावातल्या घरी बसून एखादी विद्यार्थिनी मोबाइलवर संत्र्याच्या रोगावरचा शोधनिबंध उघडते. निबंध साठवलेला सर्व्हर कदाचित सातासमुद्रापार. तिनं पैसे भरले नाहीत, प्रकाशकाला नावही सांगितलं नाही. तरी दार उघडलं! कसं?

तिच्या विद्यापीठाच्या लॉगिनमुळे. सरकारी शिक्षणसंस्थांसाठी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना केंद्रीय मंत्रिमंडळानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नलं! गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र हा सगळा व्याप सांभाळतं.

पण हे पैसे वाचनाच्या परवान्याचे. कपाटातलं पुस्तक ग्रंथालयाच्या मालकीचं असतं. इथं अटी असतात. अभ्यासापुरतं खुशाल उतरवून घ्या. मात्र अंकच्या अंक उपसायचे नाहीत, त्यासाठी प्रोग्रॅम लावायचा नाही, लॉगिन मित्राला द्यायचं नाही.

कुणी अट मोडली, तर प्रकाशकाला कळतं कसं? बहुतेकदा वेगावरून. माणूस निबंध उघडतो, चाळतो, चहा प्यायला उठतो. यंत्राला चहा लागत नाही! मग काही प्रकाशकांनी सापळेही लावले. अमेरिकन केमिकल सोसायटीचा असा सापळा २०१४ मध्ये उजेडात आला. पानाच्या कोडमध्ये एक खोटी लिंक दडवलेली. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ती दिसत नाही, यंत्र मात्र तिच्यावर हमखास जातं, आणि गेलं की दार बंद. गंमत म्हणजे कुतूहलापोटी ती लिंक उघडणारी हाडामांसाची माणसंही त्यात अडकली.

आणि दार बंद होतं ते अनेकदा एकट्याचं नाही, सगळ्या विद्यापीठाचं. कारण कॅम्पसमधले हजारो संगणक बाहेरच्या जगाला मोजक्याच आयपी पत्त्यांवरून दिसतात. एकानं आकडा टाकून मोटर चालवली, डीपी उडाली आणि अख्ख्या शिवाराचं ओलित थांबलं, तसंच हे.

ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीसारख्या संस्थेवर ही वेळ आली. जेस्टॉर या डिजिटल संग्रहानं तिथल्या सगळ्यांचा प्रवेश काही दिवस बंद ठेवला. तळघरातल्या वायरिंगच्या खोलीत लपवलेला लॅपटॉप जानेवारी २०११ मध्ये सापडला. तोवर सुमारे ४८ लाख लेख उतरवून झाले होते! लॅपटॉप होता ॲरन स्वार्त्झ या तरुणाचा.

असा लपलेला लॅपटॉप क्वचितच. एरवी शोध कसा लागतो? प्रकाशकाचा ईमेल येतो. त्यात आयपी पत्ता, वेळ आणि काय उतरवलं याची यादी. म्हणजे प्रकाशकाला ‘काय’ ठाऊक आहे, ‘कोण’ ठाऊक नाही. कोणतं लॉगिन कधी आत आलं, याची नोंद लॉगिन तपासून आत सोडणाऱ्या विद्यापीठाच्या प्रॉक्सी सर्व्हरवर असते. दोन अर्धी रहस्यं दोन देशांत पडलेली, आणि त्यांना जोडणारा धागा फक्त घड्याळाचा! पत्रात ग्रिनिचची रात्रीची ८.३० ही वेळ असेल, तर आपल्याकडे पहाटेचे २ वाजलेले असतात. हे साडेपाच तास मिळवायला ग्रंथपाल विसरला, तर भलत्याच विद्यार्थ्यावर आळ येईल.

बरं, लॉगिन सापडलं म्हणजे गुन्हेगार सापडला का? छे! पासवर्ड चोरीचा असू शकतो. २०१८ मध्ये अमेरिकेनं नऊ इराण्यांवर आरोप ठेवले, ते अमेरिकेतल्या १४४ आणि इतर देशांतल्या १७६ विद्यापीठांत घुसखोरी केल्याचे. फसव्या ईमेलांतून प्राध्यापकांचे पासवर्ड काढून घेतल्याचा तो आरोप होता. म्हणून जाणता ग्रंथपाल आधी लॉगिन थांबवतो, पासवर्ड बदलायला लावतो आणि मग विचारतो, ‘काय झालं होतं?’ समोर अनेकदा प्रबंधाच्या घाईत सगळंच गोळा करू पाहणारा विद्यार्थी निघतो. त्याला समज मिळते. ‘कारण सापडलं, बंदोबस्त केला,’ असं उत्तर प्रकाशकाला जातं. त्यात विद्यार्थ्याचं नाव घालावं लागत नाही, आणि दार पुन्हा उघडतं.

खरी कमाल पुढंच आहे. इन्फ्लिबनेटच्या ‘इन्फेड’ या लॉगिन-व्यवस्थेमागे शिबोलेथ नावाची प्रणाली आहे. ‘हा आमचा विद्यार्थी आहे’ एवढीच ग्वाही विद्यापीठ देतं आणि नावाऐवजी एक सांकेतिक खूण पाठवतं. ही खूण प्रत्येक प्रकाशकासाठी वेगळी ठेवता येते. दोन प्रकाशकांनी याद्या जुळवल्या, तरी खुणेवरून माणूस ओळखू येणार नाही! आणि गैरवापर झालाच, तर नाव न कळता तेवढी एकच खूण अडवता येते. बाकीच्यांचं वाचन सुरू राहतं.

स्वार्त्झच्या बाबतीत जेस्टॉरनं आपल्यापुरतं प्रकरण मिटवलं होतं, पण त्याच्यावरचा सरकारी खटला थांबला नाही. जानेवारी २०१३ मध्ये, २६ व्या वर्षी त्यानं आयुष्य संपवलं. ग्रंथालयाच्या टेबलाशी समजुतीनं सुटणारी गोष्ट शक्यतो तिथंच सुटावी, ती यासाठी.

तेव्हा तुमच्याकडे असं लॉगिन असेल, तर मनसोक्त वाचा, लागेल तेवढं उतरवा. शेकडो निबंधांचा एकत्र अभ्यास करायचा असेल, तर आधी ग्रंथपालांना विचारा. प्रकाशकाकडून रीतसर परवानगी मागता येते. आणि पासवर्ड मात्र सख्ख्या भावालाही देऊ नका.