उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?

गाडी महिनाभर जागेवरून हलली नाही, तरी तिची बॅटरी उतरतच राहते. घोरावाडी, देहूरोड, तळेगाव या पट्ट्यातली अनेक माणसे रोज पुणे-लोणावळा लोकलने कामाला जातात आणि गाडी सोसायटीत उभी राहते. पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे झाकलेली असते. २५ मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत हा अनुभव घरोघरी आला.

बॅटरीत सहा कप्पे असतात. शिसे, शिशाचे डायऑक्साइड आणि सौम्य गंधकाम्ल यांच्या रासायनिक क्रियेतून प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट देतो. काही जोडलेले नसतानाही ही क्रिया मंदपणे चालूच असते, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. त्यामुळे पावसाळ्यापेक्षा एप्रिल-मेचे ऊन जास्त घातक.

त्याहून मोठी गळती गाडीच्या उपकरणांची. सेंट्रल लॉक, अलार्म, घड्याळ आणि इंजिनाच्या संगणकाची स्मृती मिळून २० ते ५० मिलिअँपिअर प्रवाह सतत ओढतात. ५० धरले, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात. लहान गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतले तीन आठवड्यांत २५ संपतात. बाहेरून बसवलेला डॅशकॅम किंवा ट्रॅकर असेल, तर त्याहूनही लवकर. उरलेल्या शक्तीवर स्टार्टर फिरत नाही.

खरे नुकसान पुढे होते. उतरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट साचते. ती तशीच पडून राहिली, की त्याचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि चार्जिंगनेही पूर्ण विरघळत नाहीत. तेवढी क्षमता कायमची जाते.

रोज पाच मिनिटे इंजिन चालू ठेवणे हा सर्वांत प्रचलित आणि सर्वांत निरुपयोगी उपाय. स्टार्टरने खाल्लेली वीजही मंद फिरणारा अल्टरनेटर जेमतेम भरून काढतो. त्याऐवजी आठवड्यातून एकदा जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने घोरावाडीहून लोणावळ्यापर्यंत जाऊन यावे. तेही जमणार नसेल, तर बॅटरी पूर्ण चार्ज करून ऋण टर्मिनल काढावे. बहुतेक गाड्यांत त्याला दहाचा पाना लागतो. ऋण टोक आधी काढायचे आणि शेवटी जोडायचे. नाहीतर धन टोकावरचा पाना गाडीच्या पत्र्याला लागून ठिणगी उडते. पार्किंगमध्ये वीज असेल, तर भरल्यावर १३.५ व्होल्टच्या आसपास दाब धरून ठेवणारा स्वयंचलित चार्जर उत्तम. साधा चार्जर मात्र दिवसेंदिवस लावून ठेवू नये. त्याने पाणी आटते आणि स्फोटक हायड्रोजन सुटतो.

गाडी काही तास उभी राहिल्यावर मल्टिमीटरने १२.६ व्होल्ट दिसले, तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२.४ च्या खाली जाण्याआधीच चार्ज करावे. पूर्ण चार्ज करूनही दाब टिकत नसेल, तर ती बदलावी आणि जुनी बॅटरी विक्रेत्याकडेच परत द्यावी. आतले शिसे विषारी असते.