नाव तेच, मालक वेगळा!

आवडत्या कादंबरीवर चित्रपट निघाला की आपण बायका काय चोखंदळ होतो, नाही? ‘छे बाई, पुस्तकाची सर नाही आली!’, ‘तो प्रसंग गाळायला नको होता,’ ‘माझ्या डोळ्यांसमोरची नायिका अगदी निराळी होती हो!’ मध्यंतरात सुरू झालेली ही चर्चा घरी येऊन कुकर चढेपर्यंत चालते. नाव तेच ठेवून आतला ऐवज बदलला, की तो आपल्याला लगेच कळतो.

पण हीच चोखंदळ वाचक वाण्याकडे गेली की काय करते? यादी पुढे करते आणि ‘नेहमीचाच द्या’ म्हणते. त्या नेहमीच्या साबणाचा किंवा मसाल्याचा मालक मध्यंतरी बदलला असला, तरी तिला त्याचा पत्ता नसतो.

खरं तर पुस्तकाच्या बाबतीत आपण निश्चिंत राहायला हरकत नाही. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ साली प्रसिद्ध झाली. १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी तिच्यावर चित्रपट काढला, वनमालाबाई त्यात आई झाल्या आणि १९५४ साली चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी तीच कथा पुन्हा पडद्यावर आणली. ‘सिंहासन’ तर अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या एकत्र करून १९७९ साली आला. कुणाला हे चित्रपट आवडले, कुणाला नाही. पुस्तके मात्र ग्रंथालयात जशीच्या तशी आहेत. चित्रपट पटला नाही, तर पुस्तक उघडावे!

कंपनी विकली जाते तेव्हा असे होत नाही. तिथे जुने मागे उरेलच, याची हमी नसते.

गोल्ड स्पॉट आठवते ना? पाहुण्यांच्या पोरांसाठी हमखास आणायचे ते नारिंगी पेय! कोका-कोला १९७७ मध्ये भारतातून गेली आणि पार्लेच्या गोल्ड स्पॉट, लिम्का, थम्स अप यांना मोकळे रान मिळाले. १९९३ मध्ये कोका-कोला परतली ती हीच नावे विकत घेऊन. तिच्याजवळ स्वतःचे फँटा होते, मग दोन नारिंगी पेये कशाला? काही वर्षांत गोल्ड स्पॉट दुकानातून दिसेनासे झाले. आता ते प्यावेसे वाटले, तर कपाट उघडून काढता येत नाही.

थम्स अपचे नशीब वेगळे. नव्या मालकाचे स्वतःचे कोला होते, तरी लोकांनी थम्स अप मागणे सोडले नाही. ते टिकले, इतकेच नव्हे तर २०२१ मध्ये त्याची वर्षाची विक्री एक अब्ज डॉलरवर गेल्याचे कंपनीनेच सांगितले. गिऱ्हाईक अडून बसले, की मालकालाही ऐकावे लागते.

साबणाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. हमाम हा टाटा ऑइल मिल्सचा. १९९३ मध्ये ती कंपनी हिंदुस्तान लीव्हरमध्ये विलीन करायचे ठरले. कामगार संघटना थेट सर्वोच्च न्यायालयात गेली, पण १९९४ मध्ये न्यायालयाने विलीनीकरण कायम केले. आज फळीवर लक्स, लाइफबॉय, पिअर्स, हमाम असे रंगीबेरंगी साबण दिसतात, मालक एकच! तुम्ही एकावर चिडून दुसरा उचललात, तरी पैसे त्याच गल्ल्यात. निवड दिसते खूप, असते थोडी.

याचा अर्थ कंपनी विकली की माल बिघडतोच, असे मुळीच नाही. बंगळूरच्या एम.टी.आर.चे पुडे घेणाऱ्या कितीजणींना ठाऊक आहे, की ती कंपनी २००७ मध्ये नॉर्वेच्या ऑर्कलाने घेतली? मोठ्या मालकामुळे माल गावोगाव पोचतो, हेही खरे. फक्त डोळे झाकून विश्वास नको, एवढेच म्हणणे.

मग करावे काय? चार सोप्या गोष्टी.

एक, पुडा उलटा करून बघा. पुढच्या बाजूला नाव असते, मागच्या बाजूला उत्पादक आणि विक्रेता कोण ते.

दोन, वजन वाचा. किंमत तीच ठेवून आतला माल कमी करण्याची युक्ती जुनीच आहे. २०२१ च्या नियमदुरुस्तीपासून पुड्यावर दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत छापण्याचे बंधन आले आहे. दोन पुड्यांची तुलना त्या आकड्यावर करा.

तीन, खाद्यपदार्थांचे घटक पाहा. वजनाने जो जिन्नस सर्वांत जास्त, तो यादीत पहिला लिहितात. बदामाच्या पेयात साखर पहिली आली, तर काय ते समजा!

चार, बदल खटकला तर गप्प बसू नका. कंपनीचा पत्ता पुड्यावर असतोच, तिथे कळवा. फसवणूक वाटली, तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा आयोगाकडेही जाता येते. त्यासाठी पावती मात्र जपून ठेवा.

‘आमच्या एकटीच्या बोलण्याने काय होणार?’ असे म्हणाल. पण मैत्रिणींनो, घराघरातली महिन्याची यादी बहुधा आपणच करतो. या महिन्याच्या यादीतले निदान पाच जिन्नस तरी उलटे करून वाचा. आणि चित्रपटावर करतो तशी चर्चा भिशीच्या दिवशी साबणावरही होऊ द्या!