कोळंबीच्या कवचापासून सांध्याच्या कूर्चेपर्यंत : जैवपदार्थांच्या प्रयोगशालेय कसोट्या

प्रस्तावना : मालवण किनाऱ्यावर कोळंबी व कुर्ल्या यांची कवचे सामान्यतः टाकाऊ मानली जातात. या कवचांत कायटिन हे बहुशर्करा वर्गातील द्रव्य असते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने कवचातील चुना आणि सौम्य अल्कलीने प्रथिने काढून टाकल्यावर कायटिन उरते. ते तीव्र सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये तापविल्यास कायटोसान मिळते. सांध्यातील कूर्चेच्या दुरुस्तीसाठी अभ्यासल्या जाणाऱ्या जैवपदार्थांत कायटोसानला महत्त्वाचे स्थान आहे. मात्र कवच ते गुडघा हा प्रवास कोणत्या कसोट्यांतून होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कूर्चेचे स्वरूप : कूर्चेत रक्तवाहिन्या व मज्जातंतू नसतात. त्यामुळे तिची हानी सहसा आपोआप भरून येत नाही. तिच्यात पाण्याचे प्रमाण सर्वाधिक असून उर्वरित भाग मुख्यतः दुसऱ्या प्रकारचे कोलाजेन व प्रोटिओग्लायकन यांचा असतो.

कसोट्या : पहिली कसोटी शुद्धतेची. शिल्लक प्रथिने, जड धातू व जिवाणूजन्य विषद्रव्ये यांची तपासणी आवश्यक ठरते. पेशींवरील विषारी परिणाम आयएसओ १०९९३ या मानकाच्या पाचव्या भागानुसार तपासतात. दुसरी कसोटी यांत्रिक. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो. म्हणून पदार्थ वारंवार दाबून त्याची लवचीकता मोजतात. तिसरी कसोटी जैविक. कूर्चापेशी सपाट पृष्ठभागावर वाढविल्यास त्या हळूहळू पहिल्या प्रकारचे कोलाजेन बनवू लागतात. म्हणून केवळ जिवंत पेशींची गणना पुरेशी नसते. पेशींनी दुसऱ्या प्रकारचे कोलाजेन बनविले का, हे पाहावे लागते. प्रोटिओग्लायकनसाठी सॅफ्रानिन-ओ हे रंजक वापरतात.

प्रयोगशाळेनंतर : कायटोसानयुक्त ‘बीएसटी-कारजेल’ या पदार्थाची ८० रुग्णांवरील तुलनात्मक चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. हाडास सूक्ष्म छिद्रे पाडण्याच्या प्रचलित शस्त्रक्रियेला या पदार्थाची जोड दिल्यास, वर्षभरानंतर खड्डा अधिक भरलेला व ऊतक अधिक चांगल्या प्रतीचे आढळले. तथापि वेदना व हालचाल यांतील सुधारणा दोन्ही गटांत सारखीच होती. ऊतकाची गुणवत्ता आणि रुग्णाचा आराम हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

समारोप : राखेचे प्रमाण, अॅसिटिल गट निघून जाण्याचे प्रमाण व फुगण्याची क्षमता या प्राथमिक चाचण्या महाविद्यालयीन रसायनशास्त्र प्रयोगशाळेतही शक्य आहेत. किनारी महाविद्यालयांना त्यांतून अर्थपूर्ण प्रकल्प उभारता येतील. परंतु अशा चाचणीतील यश म्हणजे गुडघेदुखीवरील उपाय नव्हे, ही मर्यादा विद्यार्थ्यांस प्रारंभीच सांगणे हे अध्यापकाचे कर्तव्य ठरते.