गुंठाभर परसातली फळबाग

एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा. हापूसची लागवड करताना दोन झाडांत १० मीटर अंतर ठेवण्याची शिफारस आहे. याचा अर्थ पूर्ण वाढलेला एकच हापूस ही सगळी जागा व्यापतो. पेरू आणि कागदी लिंबू यांना साधारण ६ मीटर अंतर लागते. दशेरी आणि नीलम यांच्या संकरातून आलेली आम्रपाली ही ठेंगणी आंब्याची जात २.५ मीटरवरही लावता येते. तेव्हा परसात काय लावायचे हे आवडीइतकेच झाडाच्या पूर्ण वाढलेल्या घेरावर ठरते. शेजाऱ्याच्या भिंतीपलीकडे जाणारे झाड पुढे दरवर्षी तोडावे लागते, आणि आंब्याची फांदी भलत्या महिन्यात तोडली की त्या साली त्या बाजूला मोहर येत नाही.

ऊन आणि माती

फळझाडाला दिवसाचे किमान सहा तास थेट ऊन हवे. महाराष्ट्रात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे घराच्या उत्तरेची पट्टी नेमकी आंबा मोहरण्याच्या दिवसांत सावलीत जाते. ती जागा कंपोस्टच्या खड्ड्याला द्यावी. मोकळ्या जागेत उंच झाडे उत्तरेच्या कडेला आणि झुडपे दक्षिणेला लावली, तर कोणी कोणाचे ऊन अडवत नाही. मोरीचे पाणी जिथे निघते तिथे केळ लावण्याची जुनी रीत योग्यच आहे, कारण केळीला सततचा ओलावा मानवतो. लिंबाला तोच ओलावा मारक ठरतो.

निचरा तपासायला दोन फूट खोल खड्डा खणून पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी दिसले, तर झाड खड्ड्यात न लावता मातीचा उंचवटा करून त्यावर लावावे. देशावरच्या भारी काळ्या जमिनीत हे वारंवार करावे लागते. चुनखडीच्या जमिनीत लिंबाची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे; त्यावर युरिया टाकून उपयोग होत नाही.

खड्डे एप्रिल-मे महिन्यांत खणून उन्हात तापू द्यावेत. आंब्यासाठी तिन्ही बाजूंनी एक मीटर, पेरू-लिंबासाठी ६० सेंटिमीटर पुरते. पावसाआधी पोयट्याची माती, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड यांनी खड्डा भरतात. माती पुढे खाली बसते, म्हणून भर जमिनीपेक्षा थोडी वर ठेवतात.

रोप की कलम

पेरूच्या बियांपासून उगवलेली रोपे एकसारखी निघत नाहीत. याच वेगळेपणातून १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात अलाहाबाद सफेदाच्या रोपांमधून एक सरस झाड निवडले गेले. तेच पुढे लखनौ-४९ किंवा ‘सरदार’ या नावाने सर्वदूर पसरले. ते टिकले ते कलमांमुळे. कागदी लिंबू मात्र याला अपवाद आहे. त्याच्या एका बीतून बहुधा एकाहून जास्त कोंब येतात आणि त्यांतले बरेचसे मातृवृक्षाच्याच पेशींतून वाढतात, त्यामुळे बियांचे रोपही बहुतेक मूळ झाडासारखे फळ देते. अंजीर आणि तुती पक्व काडीच्या तुकड्यापासून सहज लागतात.

आंब्यासाठी कोकणात कोय कलमाची पद्धत रूढ आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोय रुजवतात. रोप पंधरा-वीस दिवसांचे झाले, पाने अजून तांबूस आणि मऊ असली, की ते धारदार चाकूने छाटून उरलेल्या खुंटात मधोमध उभी चीर देतात. कलमकाडी तीन-चार महिने वयाची, खुंटाइतक्याच जाडीची असावी लागते. कलम करण्यापूर्वी आठ-दहा दिवस तिची पाने देठ ठेवून कापलेली असतात, त्यामुळे शेंड्याचा डोळा टपोरा होतो. काडीच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तिरका छेद देऊन पाचर करतात, ती चिरेत बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळतात. काडी जराशी जाड-बारीक असली, तर निदान एका बाजूची साल सालीला भिडवतात. कलम जमले की नाही हे त्या भिडण्यावरच ठरते.

रोपवाटिकेतून कलम घेताना हा जोड पाहावा. तो भरून आलेला आणि सरळ असावा. लावताना मुळांभोवतीची मातीची हुंडी फुटू देऊ नये, जोड जमिनीच्या वर राहील असे पाहावे आणि झाडाला काठीचा आधार द्यावा. जोडाखालून फुटणारे कोंब खुंटाचे असतात. ते दिसताच काढले नाहीत, तर दोन वर्षांत कलम मागे पडते आणि रायवळ आंबा वाढत राहतो.

पाणी आणि खत

अन्न शोषणारी बारीक मुळे खोडाजवळ कमी आणि पानोऱ्याच्या कडेखाली जास्त असतात. भर दुपारी झाडाची सावली जिथे संपते, तिथे गोल चर काढून खत द्यावे आणि मातीने झाकावे. खोडाशी ओतलेले पाणी फारसे कामी येत नाही, उलट बुंधा कुजवते. लिंबासाठी म्हणूनच दुहेरी अळे करतात: खोडाला लागून मातीची भर, तिच्याभोवती वरंबा आणि पाणी फक्त बाहेरच्या कड्यात. यामुळे डिंक्या रोगाचा धोका कमी होतो. पावसाळ्याआधी खोडाला मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात ती याच रोगासाठी. अळ्यात वाळलेल्या पानांचे तीन-चार इंच आच्छादन ठेवले, तर उन्हाळ्यात ओल टिकते. अंगण झाडून जाळला जाणारा पालापाचोळा इथे सोन्याच्या मोलाचा आहे.

फळ कोणत्या काडीवर येते

परसातली पुष्कळ झाडे पाणी-खत मिळूनही वांझ राहतात. त्याचे कारण बहुधा छाटणीत असते. प्रत्येक झाडाचे फळ ठरावीक वयाच्या काडीवर येते, आणि ती काडी कोणती हे कळल्याखेरीज कात्री चालवू नये.

आंब्याचा मोहर पक्व झालेल्या काडीच्या शेंड्यावर येतो. फळे उतरवल्यानंतर जूनमध्ये छाटले, तर नवी पालवी हिवाळ्यापर्यंत जून होते. दिवाळीच्या सुमारास छाटले, तर शेंडे जातात आणि मोहरही जातो. लिंबाची फक्त वाळलेली आणि आत गर्दी करणारी फांदी काढावी.

पेरूची फुले नव्या फुटीवर, पानांच्या बेचक्यात येतात. वर्षात तीन बहर येऊ शकतात: आंबे बहराची फळे पावसाळ्यात, मृग बहराची हिवाळ्यात आणि हस्त बहराची उन्हाळ्याच्या तोंडावर. पावसाळी पेरू पाणचट होतो आणि फळमाशी त्यात अंडी घालते. घरच्या झाडाला मृग बहर धरणे म्हणून हिताचे. त्यासाठी एप्रिल-मेमध्ये पाणी तोडून ताण देतात. पाने पिवळी पडून गळू लागली की पाणी देण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो. जूनच्या पावसाबरोबर फुटणाऱ्या कोवळ्या काड्यांवर कळ्या दिसतात. सरळ वर जाणारी फांदी सुतळीने ओढून आडवी बांधली, तरी तिच्या अंगावरचे निजलेले डोळे जागे होऊन फूट येते.

अंजिराचेही फळ नव्या फुटीवर येते. पुरंदर तालुक्यातल्या अंजीरबागांत खट्टा आणि मीठा असे दोन बहर घेतात. काडीवरचा डोळा फुटत नसेल, तर त्याच्या वर सालीत छोटी तिरकी खाच पाडतात. शेंड्याकडून येणारा, डोळ्याला दाबून ठेवणारा रस तिथे अडतो आणि खाचेखालचा डोळा फुटतो.

तुती, फालसा, करवंद, स्ट्रॉबेरी

रसाळ बारीक फळांना परसात खास स्थान आहे, कारण त्यांतली बरीचशी बाजारापर्यंत पोचतच नाहीत. फालसा मे-जूनमध्ये एकदम न पिकता दाणा-दाणा पिकतो आणि तोडल्यावर एक-दोन दिवसच टिकतो. तो ताजा खायचा, तर झुडूप दाराशीच हवे. जानेवारीत त्याच्या फांद्या कंबरेइतक्या उंचीवर छाटतात; फुले त्यानंतरच्या फुटीवर येतात. तुतीलाही कडक छाटणी सोसते आणि कोवळ्या फांदीच्या पहिल्या पानांपाशीच फळे धरतात.

करवंद कुंपणाला लावावे. काटे राखण करतात, कच्च्या फळांचे लोणचे होते, मेमध्ये काळी करवंदे मिळतात. त्याचे बी वाळले की उगवण घटते, म्हणून फळ खाल्ल्यावर लगेच पेरतात. स्ट्रॉबेरीला महाबळेश्वर-पाचगणीची थंडी आवडते, पण देशावर हिवाळ्यापुरती ती वाफ्यात किंवा कुंडीत येते. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये रोपे लावताना मधला कोंब मातीबरोबर राहावा. गाडला गेला तर तो कुजतो. खाली पेंढा पसरला, की फळे मातीला टेकत नाहीत.

कीड आणि काढणी

लिंबाच्या कोवळ्या पानावर काळपट-तपकिरी, मध्ये पांढरा डाग असलेली, पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी वस्तू आढळली, तर ती फुलपाखराची अळी असते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते आणि डिवचली, तर डोक्यामागून तांबूस दुभागलेले शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. चार-सहा अळ्या लहान झाड निष्पर्ण करू शकतात. परसात एक-दोनच झाडे असतात, तेव्हा रोज सकाळी हाताने वेचणे हाच पुरेसा उपाय आहे. फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉलचा ‘रक्षक’ सापळा टांगावा आणि गळलेली किडकी फळे खोल पुरावीत. झाडाखाली राहिली, तर पुढची पिढी तिथूनच निघते.

कलमाला पहिली दोन-तीन वर्षे आलेला मोहर काढून टाकावा, म्हणजे झाडाची ताकद सांगाड्यात जाते. पुढे हापूस उतरवताना देठाजवळचे खांदे भरलेले पाहावेत, फळ झेल्याने देठासकट काढावे, चीक सालीवर ओघळू देऊ नये आणि भाताच्या पेंढ्यात आढी घालावी. अंजीर मऊ होऊन मान टाकते तेव्हा तोडावे. तोडल्यावर ते पिकून गोड होत नाही. शेवटचे फळ उतरले की त्याच आठवड्यात वाळक्या काड्या काढाव्यात, कापांवर बोर्डो पेस्ट लावावी आणि अळ्यात शेणखत घालावे. पुढच्या सालचे फळ धरणारी काडी याच खतावर वाढते.