कागदावरचा देव

लासलगावच्या बाजारात कुठल्याही कांदा व्यापाऱ्याच्या गादीवर जा, भिंतीला लक्ष्मीची तसबीर हमखास दिसेल. तिला हार, उदबत्ती, आणि लिलावाला निघण्यापूर्वी एक नमस्कार. ही तसबीर छापील आहे, तिच्यासारख्या हजारो निघाल्या आहेत, हे हात जोडताना कुणाच्या मनातही येत नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि देव घरोघर पोचले, एवढे आपल्याला ठाऊक असते.

युरोपातल्या ख्रिस्ती माणसाने हे सुख त्याच्या पावणेपाचशे वर्षे आधीच अनुभवले होते. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात संत ख्रिस्तोफरचे लाकडी ठशाने छापलेले एक चित्र आहे. त्यावर साल आहे १४२३. खांद्यावर बाळ येशूला घेऊन नदी ओलांडणारा हा धिप्पाड संत. ज्या दिवशी त्याचे मुखदर्शन घडेल त्या दिवशी अपमृत्यू येणार नाही, असे आश्वासन खाली छापलेले. वाटसरूंचा हा पाठीराखा! मूर्तीसाठी देवळात जावे लागे. हा कागद गरिबाच्याही घरी येई, दाराला चिकटे, उशाशी राही.

आणि तिथेच संपेही. मेणबत्तीचा धूर, ओल, रोजचे हात आणि ओठ यांपुढे कागद किती टिकणार? रायलंड्समधले चित्र वाचले, कारण कुणीतरी ते एका हस्तलिखिताच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवून ठेवले होते. संग्रहालयांत आज दिसतात ती बव्हंशी अशी, फारशी हाताळली न गेलेली चित्रे. मनोभावे पुजली गेलेली झिजून गेली.

हीच छापील चित्रे पुढे जहाजांतून गोव्यात उतरली. तिथे १५५६ साली छापखानाही आला. १५८० साली गोव्याहून फत्तेपूर सिक्रीला गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी अकबराला अँटवर्पला छापलेले बहुभाषी बायबल भेट दिले. बादशहाने पगडी उतरवून ते मस्तकी धरले, असे त्यांच्यातल्या मोन्सेरात याने लिहून ठेवले आहे. दरबारी चित्रकारांना मात्र ओढ होती ती रेषांची. अबुल हसनने १६०० साली, वयाच्या तेराव्या वर्षी, ड्यूररच्या १५११च्या छापचित्रातला संत जॉन हुबेहूब उतरवला. भक्ती गळाली, कला राहिली. म्हणूनच की काय, तो कागद आजही शाबूत आहे.

गादीवरची लक्ष्मी दिवाळीला बदलते. उतरवलेली जुनी तसबीर कचऱ्यात टाकवत नाही. कुणी ती पिंपळाखाली ठेवतो, कुणी गोदावरीत सोडतो.